अजून थोडं थांबते

“ती माहेरी गेलीया,” काशिनाथ बिराजदार म्हणाले आणि लोखंडी खुर्चीवरचं पीठ खांद्यावरच्या टॉवेलनं झटकून त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली. “बसा. येईल इतक्यात.”

मी बसले नाही. पुण्याहून लातूर, लातूरहून औसा आणि औशाहून माणसांनी गच्च भरलेल्या जीपमधून मी त्यांच्या गावात पोचले होते. त्यांच्या पत्नी महानंदाबाई आदल्याच दिवशी फोनवर ‘या की’ म्हणाल्या होत्या.

“कुठं आहे त्यांचं माहेर? लांब आहे का?”

“लांब कशाचं,” ते म्हणाले आणि त्यांनी हनुवटीनं चक्कीच्या मागे दाखवलं. “ते काय तिथं. दळण टाकलं की जाती, दळण झालं की येती.”

गिरणी चालू होती, त्यामुळे आम्ही दोघंही ओरडून बोलत होतो. चक्कीच्या मागे, भिंतीशी रचलेल्या पोत्यांवर, एक पस्तिशीची बाई बसली होती. डोक्यावरचा पदर, भुवया, हातावरची लव, सगळ्यावर पिठाचा थर. दोन्ही हातांत मोबाईल आडवा धरलेला. पडद्यावरचा हिरवा रंग मला लांबूनही ओळखू आला, कारण त्या रंगावरून आमच्या ऑफिसात आठवडाभर वाद झाला होता. ती निंबोणी होती.

निंबोणी हे गाव मी लिहिलं होतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होते. आम्ही मोबाईलवर खेळायचा एक मराठी खेळ केला होता, ‘दूरचा मुलूख’ नावाचा. कंपनी आता राहिली नाही आणि तो खेळही कुठे मिळत नाही. त्यात खेळणाऱ्यानं कुणीतरी व्हायचं असे. नाव आपण ठेवायचं, चेहरा आपण निवडायचा, बाई की पुरुष ते आपण ठरवायचं, आणि मग त्या माणसाच्या आयुष्यात शिरायचं. कुणाशी बोलायचं, कुणाचं ऐकायचं, कुठं जायचं, सगळं आपल्या हातात. गोष्ट आणि सगळ्या पात्रांचं बोलणं लिहिणं हे माझं काम होतं.

गोष्ट साधी होती. निंबोणी डोंगराच्या पायथ्याशी. आपण तिथले. शेळ्या वळायच्या, पाणी भरायचं, कुंभाराला माती आणून द्यायची, बायजाआजीच्या ओसरीवर ताक प्यायचं. ठकी नावाची एक चिमुरडी आपल्या मागे मागे फिरायची. हे करता करता खेळ कसा चालवायचा ते हाताला कळायचं. मग गावचा वैद्य म्हणायचा, पलीकडच्या घाटातून एक मुळी आणायची आहे, निघायचं का? पडद्यावर दोन उत्तरं यायची. ‘निघू या’ आणि ‘अजून थोडं थांबते’. निघालं, की मुळी घेऊन परत येईपर्यंत डोंगर कोसळून गाव गाडलं गेलेलं असायचं. तो एका मांत्रिकानं पाडलेला असायचा. त्याला शोधायला आपण रस्त्याला लागायचं आणि तिथून खरा खेळ सुरू व्हायचा, लढाया, शहरं, राजवाडे, सगळं. नायकाला घराबाहेर काढायला काहीतरी हवं होतं. मी एका दुपारी ते गाव गाडलं आणि चहा प्यायला खाली गेले.

लोक निंबोणीत तासभर रमायचे आणि निघायचे. एक खेळाडू निघतच नव्हती. आमचा प्रमुख निनाद सरपोतदार याला आधी वाटलं, खेळातच काही बिघाड आहे. मग त्यानं नीट पाहिलं. ती रोज खेळ उघडायची, गावात फिरायची, आणि वैद्यानं विचारलं की दरवेळी एकच उत्तर द्यायची. अजून थोडं थांबते.

लोक असले खेळ कशासाठी खेळतात आणि मधेच का सोडून देतात, याचा शोध घेणं तेव्हा चालू होतं. निनादनं काही कारणं काढली होती. कुणाला जिंकायचं असतं, कुणाला आपण नाही ते व्हायचं असतं, कुणाला सोबत हवी असते, कुणाला पुढे काय आहे ते बघायचं असतं. “ही बाई यातल्या कशातच बसत नाही,” तो म्हणाला. “जाऊन ये तिच्याकडे.”

आणखी एक गोष्ट ठरली होती. सुरुवातीला फार रेंगाळावं लागतं अशी बऱ्याच जणांची तक्रार होती, म्हणून दिवाळीनंतरच्या नव्या आवृत्तीत थांबण्याचं उत्तर काढून टाकायचं होतं. वैद्य एकदाच सांगणार आणि खेळणाऱ्याला निघावं लागणार. जे आधीपासून गावात बसले होते त्यांनाही.

त्या दिवसांत मला फारसं काही वाटत नसे. त्याच उन्हाळ्यात माझा घटस्फोट झाला होता. भांडण नाही, रडारड नाही. दोघांनी सह्या केल्या आणि कोर्टाबाहेर उसाचा रस प्यायलो. नंतर कुणी बस म्हटलं की मी बसायची, जा म्हटलं की जायची. निनाद जा म्हणाला, म्हणून मी गेले.

दळण संपलं. महानंदाबाईंनी मोबाईल पदराला पुसून कमरेला खोचला, चक्की बंद केली, पीठ डब्यात भरून दारातल्या म्हातारीला दिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“तुमीच का फोन केलेल्या?”

“हो. मी केतकी वाळिंबे.”

“मला वाटलं सिमकार्डाचं काय तरी असंल.” त्यांनी हातावरचं पीठ झटकलं. “हे समदं तुमी लिव्हलंय म्हनं?”

“हो.”

“बायजाआजी पन?”

“बायजाआजी पण.”

त्यांनी मान हलवली. “बरं लिव्हलंय. चला घरात. भाकरी टाकते.”

गिरणीला लागूनच घर होतं. काशिनाथराव गिरणीवर थांबले. स्वयंपाकघरात महानंदाबाईंनी मला चटई टाकून दिली, मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून उभा ठेवला आणि परातीत ज्वारीचं पीठ घेतलं. मी ऑफिसात ठरवून आणलेले प्रश्न विचारायला सुरुवात केली.

“तुम्ही हा खेळ कशासाठी खेळता?”

“तुमी कशासाठी लिव्हता?”

“पगार मिळतो.”

“बरोबर हाय.”

“तुम्हाला जिंकावंसं वाटत नाही?”

“कुनाला?”

मी पुढचं विचारलं. “काही लोकांना वाटतं, आपण दुसरं कुणीतरी व्हावं. तसं काही?”

“दुसरं कशाला? मी महानंदाच हाय की तिथं.” त्यांनी कोपरानं मोबाईल माझ्याकडे वळवला. “बघा. आजीला हात लावा.”

मी पडद्यावरच्या म्हातारीवर बोट ठेवलं. तिच्या डोक्यावर अक्षरं उमटली. ‘आलीस का गं महानंदा? उन्हाची कुठं हिंडतेस? ये, ताक पी.’

“या गावात मला समदे काकू म्हनत्यात,” भाकरी थापत त्या म्हणाल्या. “गिरनीवाल्या काकू. सासू होती तवर इशालची आई म्हनायची. मालक तर हाकच मारत नाईत, नुसतं खाकरत्यात. मावशी अगं म्हनायची, ती बी गेली चार वर्साखाली. आता मला अगं म्हननारं कुनी नाई.” त्यांनी भाकरी तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं. “हिला सोडून.”

ते वाक्य मी कधी लिहिलं ते मला आठवत नव्हतं. खेळणाऱ्याचं नाव आपोआप वाक्यात बसायचं, एवढंच काय ते त्यात होतं.

“पण मग पुढे का जात नाही? पुढे खूप काही आहे. मोठी शहरं आहेत.”

“गेलते की. पयल्यांदा गेलते.”

“मग?”

“पुढं गेलं की गाव जातंय.”

त्यांनी भाकरी उलटली. ती फुगली तशी काढून घेतली.

“मी मंग ते समदं पुसून टाकलं आन पुन्यांदा सुरू केलं,” त्या म्हणाल्या. “तवापासनं कुठं गेले नाई. एक इचारू का ताई? तुमाला हे कुनी सांगितलं?”

“काय?”

“जो जित्ता वाचतोय तो गावात नसतोय, हे.”

मला कळलं नाही. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि आपल्या गावाचं नाव सांगितलं. ते नाव मी ऐकलं होतं. त्र्याण्णव सालच्या भूकंपात जी गावं गेली त्यांच्या नावांत ते असायचं.

“गनपती बुडवायचे व्हते,” त्या म्हणाल्या. “मावशीच्या गावाला मोठा गनपती असायचा. मी धा वर्साची. हट्ट केला, जायचं म्हनून. माझी धाकटी बहीन, संगू, ती बी येते म्हनली. ती लहान, वाटंत झोपायची, उचलून घ्यावं लागायचं. मंग मायनं तिला ठिवून घेतलं. पहाटं तिकडं बी हाललं. फळीवरची भांडी पडली. पर मावशीचं घर पत्र्याचं. आमचं माळवदाचं. दगडमातीच्या भिंती आन वर ही एवढी माती. उन्हाळ्यात लई गार असायचं.”

भाजीत काय काय घातलंय ते सांगावं, तशा आवाजात त्या सांगत होत्या. हात थांबले नव्हते.

“तिसऱ्या दिवशी मावसा घेऊन गेला. पाऊस लागलेला. मिलट्रीवाले दगड उचलायलेले. मला लांब बसिवलं, एका बाभळीखाली. माय, बा आन आजी मिळालेते, जाळून बी झालतं. संगूचं कुनी नक्की सांगंना. कुनी म्हनलं मिळाली, कुनी म्हनलं नाई. तवा पुष्कळांना एका ठिकानीच जाळायलेते, कुनाला कुनाचं म्हाईत? मी मावशाला म्हनलं, मला दगड उचलू द्या. मावसा म्हनला, तू लहान हाईस. जरा येळानं पुन्यांदा म्हनलं. मंग त्यो मला उचलूनच घेऊन गेला. मावशीकडंच ऱ्हायले लगीन होस्तवर.”

त्यांनी शेवटची भाकरी टोपल्यात टाकली आणि परात धुतली.

“आमच्या शाळेतून कपडे पाठवले होते तेव्हा,” मी म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक.

“आलते. ट्रकच्या ट्रक. समदे स्वेटर. इकडं एवढी थंडी नसती.”

“आम्हाला माहीत नव्हतं.”

“तुमाला कसं म्हाईत असंल? लहान व्हतात तुमी बी.”

जेवायला शेंगदाण्याची आमटी होती आणि अंबाडीची भाजी. मी जेवले. भूक लागलेली होती. त्यांचं ताट अजून वाढलेलं नव्हतं, समोर बसून त्या मला वाढत होत्या. ज्यासाठी खरं तर मला पाठवलं होतं ते काम झालं होतं, निनादला सांगायला उत्तर मिळालं होतं. पण दिवाळीनंतरचं सांगायचं राहिलं होतं. मी हात धुवायच्या आधी सांगून टाकलं.

“दिवाळीनंतर हे बदलणार आहे, महानंदाताई. वैद्य विचारणार नाही. निघावंच लागेल.”

“म्हंजी थांबता येनार नाई.”

“नाही.”

“जे आधीच थांबलेत त्यांना बी?”

“त्यांनाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “आमटी घ्या अजून.”

मी घेतली. त्या चुलीकडे बघत बसल्या होत्या. बाहेर काशिनाथरावांनी चक्की सुरू केली आणि फळीवरच्या पेल्यांचा किणकिणाट सुरू झाला. तो त्यांना ऐकू येत नसावा. सवयीचा असणार.

“ताई, गाव पडल्यावर तिथं थांबता येतंय का?”

“नाही. पडतं, आणि लगेच रस्ता दिसतो.”

“ते म्हाईत हाय. बघितलंय मी. पर मंग आतले? त्यांना कोन काढतंय?”

“कुणी नाही. गोष्ट पुढे जाते.”

“कुठं?”

“शहरात. मांत्रिकाला शोधायला.”

“मांत्रिक कुठं पळून चाललाय का?” त्यांनी मला खरंच विचारलं. “चार दिस थांबला असता.”

मी उठून हात धुतले. बदल करू नका असं त्या म्हणाल्या नाहीत, माझ्यासाठी काही करा असं तर नाहीच. मी निघताना त्यांनी मला शेंगांची एक पिशवी दिली, कुंकू लावलं आणि गिरणीत गेल्या. दारात तीन डबे येऊन थांबलेले होते.

काशिनाथरावांनी मला मोटारसायकलवरून औशाच्या स्टँडपर्यंत सोडलं. वाटेत मान न वळवता म्हणाले, “मला बी नेलं हुतं तिनं दोन-चारदा. त्या गावात. फोन माझ्या हातात दिला, म्हनली फिरा.”

“मग?”

“फिरलो. जावई म्हनून कुनी वळखलं नाई.” थोडं अंतर गेल्यावर ते पुन्हा बोलले. “दिवाळीला समद्यांच्या बायका माहेरी जात्यात. ही बी जाती, पोत्यावर बसून. मी म्हनलं जाऊ दे. गाडीखर्च नाई, काय नाई.” ते हसले असावेत. मागून दिसलं नाही. “बंद पडनार का आता ते?”

“बदलणार आहे.”

त्यांनी गाडीचा वेग कमी केला, समोरून शेरडांचा कळप येत होता. तो जाईपर्यंत आम्ही थांबलो. मग त्यांनी मला स्टँडवर उतरवलं.

बसची वाट बघत असताना माझ्या आधीच्या नवऱ्याचा फोन आला.

“फ्रिज तुला हवाय का? मी घर सोडतोय.”

“नको.”

“घेऊन जा ना, नवा आहे.”

“तूच ठेव.”

“तू कुठे आहेस? आवाज कसला येतोय?”

“औशाला.”

“औशाला काय आहे?”

“गिरणी,” मी म्हणाले. बरं म्हणून त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी निनाद माझ्या टेबलाशी आला. “मग? कशासाठी खेळते?”

“माहेरी जाते.”

तो पुढचं ऐकायला उभा राहिला. मी सगळं सांगितलं. सांगताना माझाही आवाज त्यांच्यासारखाच लागत होता, काय काय घातलंय ते सांगितल्यासारखा. निनाद खुर्ची ओढून बसला. वाईट माणूस नव्हता तो. लोकांचे पगार त्याला द्यायचे होते.

“पण केतकी, एका बाईसाठी अख्खा बदल थांबवता येणार नाही.”

“थांबवू नकोस. मला पडल्यानंतरचं लिहायचंय.”

“पडल्यानंतर काय असतं?”

“दगड उचलायचे.”

“त्यातून मिळतं काय? तलवार? खजिना?”

“माणसं.”

“जिवंत?”

“नाही.”

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. “लोक दिवसभर दमतात आणि मग घटकाभर खेळायला बसतात. प्रेतं उकरायला नाही बसत.”

“ज्याला नको त्यानं रस्त्यानं जावं. रस्ता उघडाच राहील. कुणाला अडवायचं नाही. फक्त ज्याला थांबायचं असेल त्याला थांबता यावं.”

“तुला बरं आहे ना?” त्यानं विचारलं.

“बरं आहे.”

तो उठून खिडकीशी गेला. खाली चहाच्या गाडीवर आमच्याच ऑफिसातली दोन मुलं उभी होती. “नवीन चित्रं काढायला माणूस देता येणार नाही,” तो शेवटी म्हणाला. “आहेत तेच दगड, आहेत तीच माणसं. आणि हे तुझी बाकीची कामं सांभाळून.”

मी ते लिहिलं. दिवाळीत ऑफिस रिकामं होतं, मला घरी जायचं नव्हतं. एक दगड उचलायचा तर त्यावर बोट दाबून धरावं लागेल असं केलं. मोठा दगड असेल तर जास्त वेळ. आधी मी तिथं संगीत ठेवलं होतं, ते काढून टाकलं. दगड बाजूला पडल्याचा आवाज तेवढा राहू दिला. खाली कुणी मिळालं की आपण त्याचं नाव घेऊन हाक मारायची. उत्तर येत नाही. मग त्याला उचलून ओढ्याकाठच्या लिंबाखाली न्यायचं आणि अंगावर कापड घालायचं. बस, एवढंच. तिथं कुणाच्या तोंडी घालायला मी एकही वाक्य लिहिलं नाही. निंबोणीत जेवढी माणसं होती तेवढी सगळी मी त्या दगडांखाली ठेवली. कुणाला ओसरीत, कुणाला विहिरीपाशी, जो जिथं असायचा तिथं.

हे करताना मी रडले वगैरे नाही. एकदा फक्त ठकीला कुठं ठेवायचं ते ठरेना, कारण ती एका जागी कधी नसायची. मी ते काम अर्धवट सोडून बाहेर गेले, लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, आणि परत येऊन तिला कुंभाराच्या घरात ठेवलं, चुलीशेजारी, खोल.

नवी आवृत्ती लोकांच्या हातात गेली. पहिल्या आठवड्यात निनादनं मला बोलावून कॉम्प्युटरचा पडदा दाखवला. गाव पडल्यावर लोक रस्त्याला लागत होते. काहींनी एखादा दगड उचलून पाहिला, खाली काही मौल्यवान आहे का ते बघायला, आणि सोडून दिला. “बघ,” तो म्हणाला, पण टोमणा म्हणून नाही. “तुझी ती बाई कुठे आहे?”

“आहे तिथंच. उचलतेय.”

मी त्यांना फोन केला नव्हता. असं असं केलंय, हेही कळवलं नव्हतं. काय म्हणून कळवणार होते? त्यांचा फोन आला तो एका दुपारी. मी जेवणाचा डबा उघडत होते. आधी नुसती चक्कीची घरघर ऐकू आली, मग ती थांबली.

“मी महानंदा बोलायले.”

“बोला, ताई.”

“काढले.”

“सगळे?”

“समदे. लई दिस लागले. मधी दळनं असत्यात. बायजाआजी ताकाच्या डेऱ्यापाशीच व्हती. वैद्याला मी शेवटी काढनार व्हते, पर मधी आलाच, मंग काढला. ठकी मातुर मिळंना. समदं गाव उचललं. मला वाटलं, आता नाई मिळायची. लई खाली ठिवलं तुमी तिला.”

“हो.”

“चुलीपाशी व्हती.”

“हो.”

फोन चालू आहे की बंद पडला ते मी बघितलं. चालू होता.

“ताई, एक इचारते. समदे मिळत्यात असंच लिव्हलंय का तुमी? जो कुनी उचलंल त्याला?”

“हो. जो उचलेल त्याला सगळे मिळतात.”

“असं होत नसतंय.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. भाकरीचं पीठ जुनं आहे, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं होतं.

“बदलू का?” मी विचारलं. “बदलता येईल.”

पलीकडे कुणीतरी डबा घेऊन आलं होतं. ‘ठिवा तिथं, घेते,’ असं त्या कुणाला तरी म्हणाल्या. मग पुन्हा फोन कानाला लावला.

“नको,” त्या म्हणाल्या. “राहू द्या तसंच. कुनाला तरी समदे मिळू द्या.”